चौथा पाना

इसाक मिस्त्रीचा उजवा कान
बहात्तरच्या सालात विहिरींवर गेला,
रात्रंदिवस पंप चालायचे तेव्हा.
डावा नंतर गेला, हप्त्याहप्त्याने.
आता तो स्क्रू ड्रायव्हरची लाकडी मूठ दातांत धरतो,
टोक इंजनच्या अंगाला टेकवतो,
डोळे मिटतो.
"टॅपिट ढिल्ला है," म्हणतो,
"और तू सुबू से क्या सुन रई थी?"

मी कानाने ऐकत होते.

हे इंजन विलायतेचं.
पितळी पाटीवर कुठल्या गावाचं नाव होतं,
चिंचेने घासून घासून माझ्या आजोबांनीच ते अर्धं पुसलं.
बोटीने मुंबई, मालगाडीने उदगीर,
पुढं जळकोटचा चढ:
एका बैलगाडीत धड, दुसरीत दोन्ही चाकं.
तांड्यावर विजेचे खांब त्यानंतर आले पन्नास वर्षांनी.
तार अजून यायची आहे.

याचे नट ना मिलिमीटरचे, ना आपल्या बाजारातल्या इंचाचे.
एक पाना सैल होतो, त्याच्या खालचा आत जात नाही.
म्हणून मिस्त्रीने ट्रकच्या कमानपट्ट्यातून
चार पाने घासून काढलेत.
थोरला, मधला, धाकटी.
चौथ्याला नाव नाही, शिवी आहे.

मृगाच्या आधी आम्ही ते उघडलं.
व्हॉल्व्हला पेस्ट लावून
दोन तळहातांत रवीसारखी काडी फिरवली,
लोण्यासाठी नाही,
कडेला एक राखाडी गोल सलग दिसावा म्हणून.
दिसला, तर एका जागी तुटलेला.
पुन्हा फिरवली.

बेअरिंगसाठी कपड्याची नीळ तेलात कालवली,
शाफ्टला फासली, शाफ्ट फिरवला,
जिथं डाग उठला तिथं खरवडलं.
पुन्हा नीळ. पुन्हा खरवड.
तीन दिवस.
शुक्रवारच्या बाजारात भाजीवालीने माझं नख बघून विचारलं,
"तुमच्याकडं मतदान झालं का गं?"

रिंगा कोइमतूरच्या. तोंडाला तोंड भिडवून बसल्या होत्या,
फाइल मारून मोकळ्या केल्या,
दाढीचं पातं मधून जाईल इतक्याच.
गॅस्केट साडीच्या दुकानाच्या कॅलेंडरचं.
पुठ्ठा कडेवर ठेवून हातोडीने हळूहळू ठोकत गेलं
की भोकं आपोआप कापली जातात.
फेब्रुवारी महिना आता पाण्याच्या वाटेवर आहे.

डिझेल संपलं तर करडीचं तेल चालतं, गरम करून.
मग धुराला भज्यांचा वास येतो
अन् तांडाभर पोरं अवेळी जेवायला मागतात.
जमनाबाई म्हणते, बंद करा ते,
माझ्या घरात पीठ नाही.
पीठ तर त्याच इंजनावर दळायचं असतं.

हँडल मारताना अंगठा बोटांच्या बाजूला ठेवायचा,
मुठीला वेढा घालायचा नाही.
हा धडा मिस्त्री तोंडाने देत नाही.
स्वतःचा वाकडा अंगठा दाखवतो.

सांजच्याला मी कळ वर केली, हँडल फिरवलं,
चाकं जड, मग जरा कमी जड,
मग कळ सोडली.
एक ठोका.
मध्ये एवढी जागा की वाटलं, गेलं.
दुसरा.
मग मोजता येईनात.
गिरणीच्या पत्र्याखालचा बल्ब
दर ठोक्याला पापणी हलवावी तसा लवत होता.
बाया डबे घेऊन आल्या, ज्वारीचं काय, आधी कोण, यावरून भांडू लागल्या.

मिस्त्रीने दातांत मूठ धरली, बराच वेळ.
बोलला काही नाही.
मग सदऱ्याला पुसून स्क्रू ड्रायव्हर माझ्यापुढं केला.

मुठीवर त्याच्या दातांचे खड्डे होते.
मी माझे दात त्यात बसवून पाहिले.
एक सैल, त्याच्या शेजारचा जाईना.
जरा सरकवून, लाकूड कोरं होतं तिथं धरलं,
आणि कवटीच्या आत
कुणीतरी हलक्या हाताने कडी वाजवत होतं,
ठोक्याच्या अगदी थोडं मागून.

"अजून ढिला आहे," मी म्हणाले.
त्याने माझ्या ओठांकडं पाहिलं,
हात पुढं केला,
अन् चौथा पाना मागितला,
त्याच्या नावाने.